घोडा, घोडी आणि एकशेवीस क्रेडिटे

विद्यापीठाची अभ्यासक्रम-पुस्तिका दुपारच्या जेवणानंतर लोडाला टेकून कोणी आवडीने वाचतो, असे माझ्या ऐकिवात नाही. जूनमध्ये प्राध्यापक ती शोधतात, परीक्षेच्या आदल्या आठवड्यात विद्यार्थी ती शोधतात, आणि उरलेला काळ ती कपाटावर धूळ खात पडलेली असते. अलीकडे तर ती छापीतही नाहीत. संगणकावर टाकून देतात. त्यामुळे आता ती धूळसुद्धा खात नाही. गेली अठरा वर्षे मी एका महाविद्यालयात मराठी शिकवतो. एवढ्या अवधीत तीनदा अभ्यासक्रम बदलला आणि तिन्ही वेळा स्टाफरूममध्ये चर्चा झाली ती एकाच प्रश्नावर : तास कोणाचे वाढले आणि कोणाचे कमी झाले!

अशा माणसाने गेल्या वर्षी सलग दोन महिने, रोज रात्री चष्मा पुसून, सातासमुद्रापलीकडच्या एका विद्यापीठाची पुस्तिका वाचली, हे सांगितले तर माझ्या सहकाऱ्यांचा विश्वास बसायचा नाही. पुस्तिका कॅलिफोर्नियातल्या एका सरकारी विद्यापीठाची, विषय 'चिकानो अभ्यास', आणि विद्यार्थिनी माझी सख्खी भाची.

झाले असे, की एका रविवारी सकाळी ताईचा फोन आला. ताई आणि भाऊजी पंचवीस वर्षांपासून तिकडे आहेत. मुलीचा जन्म तिकडचाच. तिकडच्या विद्यापीठात पहिल्या वर्षी मुख्य विषय ठरवला नाही तरी चालतो. मुलगी वर्षभर इकडचे तिकडचे शिकली आणि एके दिवशी जेवणाच्या टेबलावर तिने जाहीर केले, की आपण चिकानो अभ्यासात पदवी घेणार. भाऊजी इंजिनिअर. त्यांच्या घशात घास अडकला. "मी पंचवीस वर्षं मान मोडून काम केलं, ते काय मुलीला मेक्सिकन लोकांचा इतिहास शिकवायला?" असे ते म्हणाले. ताई मला म्हणाली, "तू प्राध्यापक आहेस, तिला समजाव."

प्राध्यापक मनुष्य समजावण्याच्या कामाला फार योग्य असतो, असा आपल्याकडे एक समज आहे. मी होकार दिला. फोन स्पीकरवर असल्यामुळे ही वार्ता आईच्या कानावर गेली आणि आईकडून शेजारी. संध्याकाळी शेजारचे काका जिन्यात भेटले आणि कौतुकाने म्हणाले, "भाची हॉटेलच्या लाइनला जातेय म्हणे? चांगलं आहे. चिकनला मरण नाही."

समजवायचे तर आधी आपल्याला समजायला हवे. म्हणून मी वाचायला बसलो.

चिकानो म्हणजे अमेरिकेत राहणारे मेक्सिकन वंशाचे लोक. पण 'राहणारे' म्हणजे 'येऊन राहिलेले' असा अर्थ आपण घेतो, तो सर्वांना लागू पडत नाही. १८४६ साली अमेरिका आणि मेक्सिको यांच्यात युद्ध पेटले आणि २ फेब्रुवारी १८४८ रोजी ग्वादालूपे इदाल्गो येथील तहाने ते मिटले. त्या तहाने आजचे कॅलिफोर्निया, नेवाडा, यूटा, अ‍ॅरिझोना व न्यू मेक्सिकोचा बहुतेक भाग, शिवाय आसपासचे आणखी काही तुकडे अमेरिकेकडे गेले. टेक्सास तर आधीच, १८४५ साली गेले होते. तिथे पिढ्यान्‌पिढ्या राहणारी माणसे जागची हलली नव्हती. आम्ही सरहद्द ओलांडली नाही, सरहद्दच आमच्यावरून गेली, असे चिकानो मंडळी सांगतात ते याच अर्थाने. पुढे १९१० च्या मेक्सिकन क्रांतीच्या धामधुमीत पुष्कळ लोक आले. १९४२ ते १९६४ या काळात 'ब्रासेरो' योजनेखाली अमेरिकेनेच करार करून शेतमजूर आणवले. 'चिकानो' हा शब्द त्यांच्यातल्याच बऱ्या घरच्या लोकांना हलका वाटे. साठीच्या दशकातल्या तरुणांनी तो उचलला आणि आपल्या कपाळी टिळ्यासारखा लावला.

भाऊजींचे घर ज्या गावात आहे त्याचे नाव स्पॅनिश, ज्या रस्त्यावर आहे त्याचेही स्पॅनिश. गेली पंचवीस वर्षे दोन्हींचा उच्चार ते अस्सल इंग्रजीत करीत आले आहेत.

आता या लोकांचा इतिहास विद्यापीठात आला कसा, ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. मार्च १९६८ मध्ये पूर्व लॉस एंजेलिसच्या शाळांतून हजारो मुले वर्ग सोडून रस्त्यावर आली. साल कास्त्रो नावाचे एक शिक्षक त्यांच्या पाठीशी होते. पुढे त्यांना अटकही झाली. मुलांच्या मागण्यांत शाळांच्या दुरवस्थेच्या तक्रारी होत्या, तशी आणखी एक मागणी होती : आमचा इतिहास आम्हाला शिकवा. मुलांनी अभ्यास कमी करा म्हणून संप केल्याचे मी पुष्कळदा पाहिले आहे; अभ्यास वाढवा म्हणून संप करणारी मुले मला तरी प्रथमच भेटली. त्याच वर्षी लॉस एंजेलिसच्या स्टेट कॉलेजात या विषयाचा पहिला विभाग सुरू झाला. दुसऱ्या वर्षी, एप्रिल १९६९ मध्ये, सांता बार्बरा येथे विद्यार्थी आणि अध्यापक जमले आणि त्यांनी एक आराखडा तयार केला. 'सांता बार्बराची योजना' म्हणून तो ओळखला जातो. चळवळीचे जाहीरनामे म्हटले की घोषणा आणि धिक्कार हे आलेच. तेही त्यात आहेत. पण त्यांच्याबरोबर विभाग कसा चालवावा, पदवीला कोणते विषय असावेत, एकेका विषयात काय शिकवावे, हेही आहे. अभ्यासक्रम-पुस्तिकेवर क्रांतीची भिस्त ठेवणारे हे लोक पाहून माझ्या पेशाविषयीचा माझा आदर एकदम वाढला.

ही भिस्त अनाठायी नव्हती, हे त्यांच्या विरोधकांनीच सिद्ध केले. १९९३ साली लॉस एंजेलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात स्वतंत्र विभागासाठी विद्यार्थी आणि एक अध्यापक चौदा दिवस उपाशी राहिले, तेव्हा कुठे एक स्वतंत्र केंद्र मिळाले. त्याला 'विभाग' हे नाव लाभायला २००५ साल उजाडले. अ‍ॅरिझोनात याहून नवल घडले. तिथल्या टूसॉन शहराच्या शाळांतून हा विषय शिकवीत. २०१० साली राज्याने तो बंद पाडणारा कायदा केला. जानेवारी २०१२ मध्ये वर्ग बंद झाले आणि काही पुस्तके वर्गांतून काढून खोक्यांत भरून ठेवली गेली. ऑगस्ट २०१७ मध्ये न्यायालयाने निर्णय दिला, की या बंदीच्या मुळाशी वंशद्वेष होता. ज्या पुस्तिकेवर आमच्याकडे धूळ बसते, तिच्यावर तिकडे कायदेमंडळ बसले!

हे सारे वाचल्यावर भाचीला 'समजावण्याचा' माझा उत्साह मावळला. ती मात्र भलतीच व्यवहारी निघाली. "मामा, मला समजावायचं ते नंतर समजाव," ती म्हणाली. "आधी माझं टेबल लावून दे. कुठला कोर्स कुठल्या सत्रात, तेच जमत नाहीये."

मी फुलस्केप कागद आडवा धरला आणि आठ रकाने आखले. चार वर्षे, आठ सत्रे, एकशेवीस क्रेडिटे. म्हणजे सत्राला पंधरा. एकेक कोर्स बहुधा तीन क्रेडिटांचा, क्वचित चारांचा. वाचकांपैकी ज्यांनी लग्नाच्या पंगतीची आखणी केली असेल, त्यांना या कामाची कल्पना येईल. एकशेवीसपैकी जवळजवळ तिसरा हिस्सा सर्वसामान्य शिक्षणाचा : गणित, विज्ञान, निबंधलेखन, वक्तृत्व. मुख्य विषयाची चाळीसच्या आसपास. उरली त्यांत भाषा आणि आवडीचे. भाचीची दोन सत्रे संपली होती, म्हणजे दोन रकाने आधीच भरलेले. उरले सहा.

पहिली अडचण अशी, की आधी अमुक मग तमुक, हा क्रम चुकवता येत नाही. प्रवेशिकेचा कोर्स झाल्याशिवाय इतिहास नाही. इतिहास झाल्याशिवाय संशोधनपद्धती नाही. संशोधनपद्धती झाल्याशिवाय शेवटच्या वर्षाचा प्रबंध नाही. दुसरी अडचण, काही कोर्स दर सत्राला नसतात. चिकाना लेखिकांवरचा कोर्स एका वर्षाआड. तो एकदा हुकला, की ग्लोरिया अँझाल्दुआ आणि सँड्रा सिस्नेरोस दोघीही हुकल्या. तिसरी गोष्ट मात्र सोयीची : एकच कोर्स दोन खात्यांत मोजता येतो. चिकानो भित्तिचित्रांचा कोर्स मुख्य विषयातही धरतात आणि सर्वसामान्य शिक्षणातल्या 'कला' या खात्यातही. असे तीन कोर्स आम्हाला सापडले, तेव्हा आयकर विवरणात सूट सापडल्याचा आनंद झाला.

पण खरा वाद सोयीचा नव्हता, क्रमाचा होता. भाचीला आरंभी नाटक-सिनेमा हवा होता. १९६५ साली देलानोच्या द्राक्षमळ्यांत संप झाला. लॅरी इटलिआँग यांच्या फिलिपिनो मजुरांनी तो सुरू केला आणि सेसार चावेझ व डोलोरेस ह्वेर्ता यांच्या मेक्सिकन मजुरांची संघटना आठवडाभरात त्यात सामील झाली. त्या संपात लुईस वाल्देझ यांनी मजुरांकडूनच ट्रकच्या फळीवर नाटुकली करवली. आपल्याकडच्या कलापथकांची आठवण यावी असाच तो प्रकार. कोणालाही आधी तेच शिकावेसे वाटेल. मी म्हटले, आधी १९४७ पर्यंत ये, मग १९६५ कडे जा. १९४७ चे प्रयोजन असे : कॅलिफोर्नियाच्या ऑरेंज काउंटीत मेक्सिकन मुलांच्या शाळा वेगळ्या असत. गोन्सालो मेंडेझ आणि आणखी चार पालकांनी दावा लावला आणि १९४६ साली तो जिंकला. १९४७ साली अपिलातही निकाल कायम राहिला. हे मेंडेझ ज्या शेतावर राहत ते मुनेमित्सू नावाच्या जपानी कुटुंबाकडून खंडाने घेतलेले. युद्धकाळात सरकारने जपानी वंशाच्या लोकांना छावण्यांत डांबले, म्हणून ते शेत मोकळे झाले होते. एकाच्या घरावर कुलूप पडते, दुसरा तिथे राहायला येतो आणि तिथूनच न्यायाची लढाई लढतो! हे ठाऊक झाल्यावर संपातल्या फिलिपिनो आणि मेक्सिकन मजुरांची जूट नीट कळते. भाचीने नाक मुरडले, पण नाटक पाचव्या सत्रात ढकलले.

मग राहिली भाषा. स्पॅनिशला आम्ही चार सत्रे दिली होती, बारा क्रेडिटे. भाऊजी एव्हाना रविवारच्या बोलण्यात "मी नुसता ऐकतोय" म्हणून बसू लागले होते. ते म्हणाले, "तिचं स्पॅनिश शाळेत तीन वर्षं झालंय. बारा क्रेडिटं वाया कशाला? त्यात संगणकाचे चार कोर्स बसतील."

तेव्हा मी त्यांना ग्रेगोरिओ कोर्तेझची गोष्ट सांगू लागलो.

१२ जून १९०१. टेक्सासच्या कार्न्स काउंटीत एक शेरीफ घोड्याच्या चोरीचा तपास करीत ग्रेगोरिओ आणि रोमाल्दो या कोर्तेझ बंधूंच्या दारी आला. त्याला स्पॅनिश येत नव्हते. बरोबर दुभाषा होता. दुभाष्याने विचारले, तू कोणाशी 'काबायो' बदललास का? ग्रेगोरिओ म्हणाला, नाही. आणि ते खरे होते. त्याने दिली होती ती 'येग्वा'. काबायो म्हणजे घोडा, येग्वा म्हणजे घोडी. आपल्याकडच्या कोणा शेतकऱ्याला विचारा, "तू घोडा विकलास का रे?" घोडी विकली असेल तर तोही "नाही" म्हणेल आणि तुमच्या अज्ञानाची कीव करील. पण त्या दुभाष्याच्या लेखी घोडा काय नि घोडी काय! शेरीफला वाटले, हा खोटे बोलतोय. तो अटक करू लागला. ग्रेगोरिओने काही उत्तर दिले, तेही दुभाष्याने भलतेच करून सांगितले. शेरीफने पिस्तूल काढले. रोमाल्दो जखमी झाला, आणि ग्रेगोरिओच्या गोळीने शेरीफ मेला.

इथे भाऊजींना दुसरा फोन आला आणि ते उठून गेले. गोष्ट अर्धी राहिली. वाचकांना मात्र मी पुढचे सांगतो. ग्रेगोरिओ दहा दिवस पायी आणि घोड्यावर पळत राहिला. शेकडो माणसे त्याच्या मागावर होती. सरहद्दीजवळ तो पकडला गेला. पाठलागात आणखी एक शेरीफ मारला गेला होता. वर्षानुवर्षे खटले चालले. पहिल्या शेरीफच्या खुनातून तो सुटला, दुसऱ्याच्या खुनासाठी जन्मठेप झाली, आणि १९१३ साली राज्यपालांनी त्याला माफी दिली. तोवर सरहद्दीवरचे गायक त्याच्यावर 'कोरिदो' गाऊ लागले होते. कोरिदो म्हणजे आपल्या पोवाड्याचा लांबचा भाऊ समजा : वीर एकटा, वैरी पुष्कळ, आणि गाणारा अर्थातच वीराच्या बाजूचा. अमेरिको परेदेस या टेक्ससच्या अभ्यासकाने या एका कोरिदोवर संशोधन करून १९५८ साली पुस्तक प्रसिद्ध केले. कुठल्याही विद्यापीठात चिकानो अभ्यासाचा विभाग निघाला, त्याच्या दहा वर्षे आधी. आज बहुतेक ठिकाणी हे पुस्तक अभ्यासाला असते. भाषेच्या मास्तराला याहून चांगला दाखला कुठे मिळणार? लिंगविचार कच्चा राहिला आणि माणसे मेली.

भाची बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "मामा, माझ्याकडूनही एकदा असं झालंय."

ती शनिवारी एका दवाखान्यात मदतीला जाते. शेतमजुरांची वस्ती आहे, रुग्णांना इंग्रजी येत नाही. एकदा एक वयस्क बाई आली. डॉक्टरने काय होते म्हणून विचारले, तर ती खाली मान घालून म्हणाली, "मे दा पेना." शाळेच्या पुस्तकात 'पेना' म्हणजे दुःख. भाचीने डॉक्टरला सांगितले, तिला फार दुःख होतंय. डॉक्टरने मायेने चार शब्द सांगितले आणि मन रमवायचा सल्ला दिला. बाई उठून गेली. पुढे महिन्याभराने तिथल्या नर्सकडून भाचीला कळले, की मेक्सिकन बोलीत 'पेना' म्हणजे लाज, संकोच. दुखणे पुरुष डॉक्टरपुढे सांगायची त्या बाईला लाज वाटत होती. ती नंतर दवाखान्यात आलीच नाही.

"म्हणून हा विषय, मामा," ती म्हणाली. "इतिहास वगैरे सगळं खरंच आवडतं मला. पण पहिलं कारण ती बाई."

तिने हे घरी कोणाला सांगितले नव्हते. भाऊजी परत येऊन मागे उभे होते, हे आम्हा दोघांनाही माहीत नव्हते.

पुढच्या रविवारी भाऊजींनी निराळाच मुद्दा काढला. "ते सगळं ठीक आहे. पण आपला त्यांचा संबंध काय?" या प्रश्नाची मी तयारी ठेवली होती. मी म्हटले, संबंध आहे. विसाव्या शतकाच्या आरंभी पंजाबी शेतकरी कॅलिफोर्नियात गेले. १९१७ च्या कायद्याने हिंदुस्थानातून माणसे आणण्याची वाट बंद झाली आणि गोऱ्या स्त्रियांशी लग्नाला कायद्याची आडकाठी होती. तेव्हा इंपीरिअल व्हॅलीत शेकडो पंजाब्यांनी मेक्सिकन स्त्रियांशी संसार थाटले. त्यांच्या मुलांचे पहिले नाव स्पॅनिश आणि आडनाव सिंग असे. आणि अगदी आपला माणूस हवा, तर वर्ध्याचे डॉ. पांडुरंग सदाशिव खानखोजे घ्या. गदर चळवळीतले हे क्रांतिकारक मेक्सिकोत गेले, चापिंगोच्या कृषिविद्यालयात प्राध्यापक झाले, मक्याच्या वाणांवर त्यांनी काम केले. शेतकऱ्यांसाठी मोफत शाळा काढण्यात त्यांचा हात होता. दिएगो रिवेरासारख्या चित्रकाराने त्यांना आपल्या भित्तिचित्रात भाकरीच्या पंगतीला बसवले आहे.

भाऊजी प्रसन्न झाले. खानखोज्यांचे नाव त्यांनी कागदावर लिहूनही घेतले. पण भाचीने विचारले, "आणि हे सगळं झालं नसतं तर? तर मी हा विषय घ्यायचा नव्हता?"

भाऊजींनी माझ्याकडे पाहिले. मी फुलस्केपकडे पाहिले. ज्या बाईला नीट ऐकून घेणारे माणूस हवे होते, तिने तरी कुठे गोत्र विचारले असते?

अखेर तोड निघाली ती अशी. मुख्य विषय चिकानो अभ्यास. जोडीला सार्वजनिक आरोग्याचा दुय्यम विषय. संख्याशास्त्राचा एक कोर्स दोन्हींकडे मोजता येतो, तो भाऊजींनीच शोधून काढला आणि दिवसभर त्याच आनंदात होते. स्पॅनिशची बारा क्रेडिटे शाबूत राहिली. त्या विद्यापीठात स्पॅनिशचे दोन वर्ग असतात : एक परक्यांसाठी, दुसरा घरात स्पॅनिश ऐकत वाढलेल्या मुलांसाठी. या दुसऱ्या वर्गातल्या मुलांना आजीचे बोलणे सारे कळते, पण आजीला पत्र लिहिता येत नाही. हे वाचून भाची म्हणाली, "हे तर माझं मराठी झालं." आईने पलीकडच्या खोलीतून ते ऐकले. तेव्हापासून दर बुधवारी संध्याकाळी आई तिला फोनवर शुद्धलेखन घालते. त्याला क्रेडिट नाही.

आठव्या रकान्यात शेवटच्या प्रबंधाची जागा आहे. तिथे भाचीने पेन्सिलीने 'दुभाषे' असे लिहून पुढे प्रश्नचिन्ह ठेवले आहे. ते पुसून दुसरे काही येईल, किंवा राहीलही. दोन वर्षे अवकाश आहे.

फी भरायची शेवटची तारीख आली त्या रात्री भाऊजींचा मला स्वतंत्र फोन आला. पैशांविषयी बोलतील, नोकरीविषयी विचारतील, म्हणून मी शब्द जुळवून बसलो होतो. ते थोडा वेळ हवापाण्याचे बोलले. मग घसा साफ करून म्हणाले, "अरे, त्या घोडीवाल्याचं पुढे काय झालं? पोरगी सांगत नाही. म्हणते, तिसऱ्या सत्रात आहे, तेव्हा सांगीन."